वायपर व वॉशर, मोटारगाडीचे

मोटारगाडीच्या पुढील काचेवरील पावसाचे पाणी, चिखल, धूळ व कीटकांचे अवशेष रबरी पट्टीने पुसून चालकाची दृष्टी मोकळी ठेवणाऱ्या साधनास वायपर म्हणतात. तर पुसण्यापूर्वी काच भिजविण्यासाठी तिच्यावर द्रवाची चिळकांडी उडविणाऱ्या साधनास वॉशर म्हणतात. ही दोन्ही साधने परस्परपूरक आहेत. वायपरची पट्टी ओल्या काचेवर सरकण्यासाठी बनविलेली असते व काचेवरील पाणी हेच तिचे वंगण असते. कोरडी धूळ पुसणे हे वायपरचे काम नव्हे. ती आधी भिजविण्याचे काम वॉशरने करावयाचे असते. वायपरमध्ये उद्‌भवणाऱ्या बहुतेक दोषांचे मूळ ही साधी गोष्ट दुर्लक्षिली जाण्यात असते.

वाहन चालविताना आवश्यक असलेली जवळजवळ सर्व माहिती चालकाला डोळ्यांवाटे मिळते. त्यामुळे वायपर हे सोयीचे नसून सुरक्षिततेचे साधन समजले जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ अन्वये मोटारसायकल इ. अपवाद वगळता पुढील काच असलेल्या प्रत्येक वाहनास शक्तीवर चालणारा कार्यक्षम वायपर असणे आवश्यक आहे. प्रस्तुत नोंदीत या साधनांचा इतिहास, रचना, दोष व निगा यांची माहिती दिली असून दोषांचे विवेचन करताना महाराष्ट्रातील पर्जन्यछायेच्या प्रदेशाचे उदाहरण म्हणून बीड जिल्हा घेतला आहे. कारण वायपर सर्वाधिक बिघडतो तो अतिवृष्टीच्या प्रदेशात नव्हे, तर जेथे तो वर्षातील बराच काळ कोरडा पडून राहतो तेथे, असे आढळते.

इतिहास : सुरुवातीच्या मोटारगाड्यांना पुढील काच नसे, ती आल्यानंतर पावसात व बर्फात ती पुसण्याचा प्रश्न निर्माण झाला. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या रहिवासी मेरी अँडरसन यांनी आतून तरफेने हलविता येणाऱ्या रबरी पट्टीच्या वायपरचे पेटंट १९०३ मध्ये मिळविले. १९२० च्या सुमारास एंजिनाच्या अंतर्ग्रहण नळीतील अंशतः निर्वातावर चालणारे वायपर प्रचारात आले. त्यांत एक मोठा दोष होता. गाडी चढावर असताना किंवा वेग वाढविताना एंजिनातील निर्वात कमी होई आणि वायपर मंदावे. म्हणजे घाटातील पावसात, जेव्हा त्याची गरज सर्वांत जास्त, तेव्हाच तो अडखळे. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२६ मध्ये विद्युत् चलित्रावर (मोटरवर) चालणारा वायपर बाजारात आणला व पुढे हाच प्रकार सर्वत्र रूढ झाला. थांबून थांबून पुसणाऱ्या, म्हणजे खंडित गतीच्या वायपरचे पेटंट अमेरिकन अभियंते रॉबर्ट कर्न्स यांना १९६७ मध्ये मिळाले. त्यांचा एक डोळा अधू होता व रिमझिम पावसात सतत फिरणाऱ्या वायपरचा त्यांना त्रास होत असे. डोळ्याची पापणी मधूनच मिटते त्याप्रमाणे वायपरनेही मधूनच पुसावे, ही कल्पना त्यांनी विद्युत् मंडलाच्या साहाय्याने प्रत्यक्षात आणली. वॉशर मात्र वायपरच्या मानाने उशिरा रूढ झाला. जुन्या वाहनांत त्याचा पंप हाताने वा पायाने दाबावा लागे. पुढे त्याची जागा लहान विद्युत् पंपाने घेतली.

वायपरची रचना व कार्य : वायपरचे चार प्रमुख भाग असतात : (१) विद्युत् चलित्र व त्यालगतची दंतचक्रे, (२) दुव्यांची मालिका, (३) भुजा आणि (४) पाते. मोटारींत हे चलित्र १२ व्होल्ट आणि ट्रक व बस यांसारख्या अवजड वाहनांत बहुधा २४ व्होल्ट दाबावर चालते. चलित्राची जलद फिरत मळसूत्री दंतचक्राने मंद केली जाते व तीमुळे त्याचा जोर वाढतो. भुजाक्ष (क्रँक) व दुवे यांमुळे या चक्रीय गतीचे मागे-पुढे होणाऱ्या गतीत रूपांतर होते. मंद गतीत पाते मिनिटास सु. ४५, तर जलद गतीत सु. ६५ फेऱ्या करते. कळ बंद केल्यावर पाती काचेच्या मध्येच न थांबता तळाशी जाऊन थांबावीत यासाठी चलित्राच्या पेटीतच एक स्वतंत्र संपर्क बसविलेला असतो.

भुजेतील स्प्रिंग पात्याला काचेवर दाबून धरते. जुन्या पद्धतीच्या पात्यात लहानमोठ्या कमानींचा सांगाडा असतो व तो हा दाब पट्टीच्या सर्व लांबीवर वाटून देतो; नव्या चपट्या पात्यांत हेच काम पोलादाची वक्र पट्टी करते. प्रत्यक्ष पुसण्याचे काम रबराची पातळ धार करते. ही धार काचेवर सरळ उभी नसते, तर गतीच्या विरुद्ध दिशेस साधारणपणे ४५° कलून काचेवरून ओढली जाते आणि प्रत्येक फेरीच्या टोकाशी दुसऱ्या बाजूस कलते. धारेच्या वरची रबराची अरुंद मान लवचिक असेल तोपर्यंतच हे कलणे सुरळीत होते. रबर कडक झाले की धार एका बाजूस कललेलीच राहते. एका दिशेने जाताना ती नीट पुसते व परत येताना काचेवर आपटत, थरथरत येते.

वॉशरची रचना : एंजिनाच्या कप्प्यातील प्लॅस्टिकची टाकी, तिच्या तळाशी बसविलेला लहान केंद्रोत्सारी पंप, जाळी, रबरी वा प्लॅस्टिकची नळी, द्रव उलट वाहू न देणारी एकदिश झडप आणि बॉनेटवर किंवा भुजेवर बसविलेल्या चिळकांडीच्या तोट्या हे वॉशरचे भाग होत. तोटीचे छिद्र बहुधा १ मिमी. हूनही लहान असते. त्यामुळे वाळूचा एखादा कण, शेवाळाचा धागा किंवा क्षाराचा पातळ थरही ते बंद करण्यास पुरेसा होतो. पंपाला त्यातून जाणाऱ्या द्रवानेच वंगण व थंडावा मिळतो. म्हणून टाकी रिकामी असताना कळ दाबून ठेवल्यास पंप जळण्याचा संभव असतो. द्रव येत असतानाही कळ एका वेळी १० सेकंदांपेक्षा अधिक काळ दाबू नये.

वॉशरचा द्रव : शीत कटिबंधातील देशांत टाकीतील द्रव गोठू नये म्हणून त्यात अल्कोहॉल मिसळतात. बीड जिल्ह्यात हिवाळ्यातही पाणी गोठण्याइतके तापमान उतरत नाही; त्यामुळे येथे गोठणरोधकाचे प्रयोजन नाही. येथे द्रवाकडून तीनच अपेक्षा असतात : त्याने धूळ व तेलकट थर सुटा करावा, वाळल्यावर क्षार मागे ठेवू नयेत आणि टाकीत शेवाळ वाढू देऊ नये. मृदू पाण्यात बाजारात मिळणारे वॉशरचे मिश्रण डब्यावर दिलेल्या प्रमाणात घातल्यास या अपेक्षा पूर्ण होतात. कपडे धुण्याची पावडर वा भांड्यांचा साबण वापरू नये. त्याचा फेस होतो, कठीण पाण्याशी त्याचा चोथा बनतो व तो जाळीत अडकतो. केवळ साधे पाणी दीर्घकाळ टाकीत ठेवणे आरोग्याच्या दृष्टीनेही इष्ट नाही. कोमट व साचलेल्या पाण्यात लीजनेला जातीचे जीवाणू वाढू शकतात व फवाऱ्यातील सूक्ष्म थेंबांवाटे ते श्वसनमार्गात जाऊ शकतात. इंग्लंड व वेल्समध्ये करण्यात आलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वॉशरच्या टाकीत केवळ पाणी वापरणाऱ्या वाहनचालकांत या जीवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचा धोका अधिक असल्याचे दिसून आले.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती : सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ७०० मिमी. हून कमी पाऊस पडतो. तो मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या महिन्यांत, तोही खंड पडत पडत येतो. आष्टी, पाटोदा, शिरूर (कासार) हा पश्चिमेकडील बालाघाटाचा भाग विशेष अवर्षणप्रवण आहे. मे महिन्यात दिवसाचे तापमान ४०° से. च्या वर जाते आणि उन्हात उभ्या असलेल्या वाहनाची काच त्याहूनही पुष्कळ जास्त तापते. परिणामी वायपरची पट्टी वर्षातील सात-आठ महिने एकाच स्थितीत तापलेल्या काचेवर दाबून राहते. जंबुपार किरण, उष्णता व हवेतील ओझोन यांमुळे रबराचा लवचिकपणा जातो, धारेला बारीक चिरा पडतात आणि धार एका बाजूस कायमची वाकते. पट्टी न वापरता झिजत नाही हा समज म्हणूनच चुकीचा आहे. येथे ती वापराने झिजण्यापूर्वी उन्हाने निकामी होते. याची जाणीव मात्र वळवाच्या अथवा मृगाच्या पहिल्या सरीत, बहुधा संध्याकाळी वा रात्री, गाडी रस्त्यावर असतानाच होते.

दुसरा घटक धुळीचा. काचेचे काठिण्य मोस मापप्रमाणावर सु. ५·५ असते. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून (बेसाल्टपासून) बनलेल्या धुळीतील फेल्स्पार कणांचे काठिण्य सु. ६ आणि वाळूतील क्वॉर्ट्‌झचे ७ असते. यावरून कोरड्या काचेवर वायपर फिरविणे किंवा ती कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे काचेपेक्षा कठीण कणांनी तिला घासणे होय, हे लक्षात येईल. खडी केंद्रांच्या आसपासची धूळ व परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत् केंद्राच्या परिसरातील राख यांतही असे सिलिकायुक्त कण असतात. काळ्या कापसाच्या जमिनीच्या धुळीचा प्रश्न निराळा आहे. तिच्यातील मृत्तिका पाणी शोषून फुगते व चिकट होते. पावसाचे चार थेंब पडताच वायपर सुरू केल्यास या धुळीचा राड काचेवर लिंपला जातो व समोरचे काहीच दिसेनासे होते. अशा वेळी आधी वॉशर भरपूर चालवून मगच वायपर फिरविणे आवश्यक असते. धुळे-सोलापूर या राष्ट्रीय महामार्गावर (क्र. ५२) गेवराई, बीड व मांजरसुंबा या टापूत अवजड वाहनांची वर्दळ मोठी असते. पाऊस थांबल्यावरही ओल्या रस्त्यावर त्यांच्या चाकांनी उडणारा चिखल बराच वेळ काचेवर येत राहतो. त्याला पावसाचे पाणी धुऊन नेत नाही, वॉशरच लागतो.

तिसरा घटक पाण्याचा. बेसाल्ट खडकातील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. खोल विंधन-विहिरींचे पाणी बहुधा कठीण असते. असे पाणी टाकीत घातल्यास ते तापलेल्या तोटीच्या तोंडाशी सुकते व कॅल्शियम कार्बोनेटाचा पांढरा थर मागे राहतो. काही आठवड्यांत छिद्र बुजते. काचेवरही पांढरे ठिपके उमटतात. अवर्षणाच्या वर्षांत यात आणखी भर पडते. २०१५-१६ सारख्या टंचाईच्या काळात, जेव्हा पिण्याचे पाणीही टँकरने पुरवावे लागते, तेव्हा गाडी धुण्यास पाणी वापरणे लोकांना प्रशस्त वाटत नाही व काच कोरडीच पुसली जाते. काचेवर त्या वर्षी पडलेले ओरखडे पुढील चांगल्या पावसाच्या वर्षातही तसेच राहतात. वस्तुतः काच स्वच्छ करण्यास फार पाणी लागत नाही. मऊ कुंचल्याने सुटी धूळ हलकेच झटकून, अर्धा लिटर पाण्यात भिजविलेल्या मऊ फडक्याने वरून खाली न दाबता पुसल्यास व फडके वरचेवर पिळून घेतल्यास काच निर्धोकपणे स्वच्छ होते. टाकीसाठीही कठीण पाण्याऐवजी गाळलेले पावसाचे पाणी, घरातील वातानुकूलकातून ठिबकणारे पाणी किंवा बॅटरीत घालण्याचे ऊर्ध्वपातित पाणी वापरता येते. पाणी शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र वापरू नये. त्यात मूळ पाण्यातील क्षार अधिक दाट झालेले असतात.

पुसण्यातील दोष व त्यांचे निदान : काचेवर दिसणाऱ्या खुणांवरून दोषाचे मूळ बहुधा ओळखता येते. पात्याच्या मार्गात एकदोन बारीक, ठळक रेषा राहत असतील, तर धारेला कचरा चिकटला आहे किंवा तेथे ती चिरली आहे असे समजावे. ओल्या फडक्याने धार पुसल्यावरही रेषा राहिल्यास पट्टी बदलावी. पाण्याचा रुंद पट्टा न पुसता तसाच राहत असेल, तर तेथे पट्टी काचेला टेकत नाही. सांगाड्याची कमान वाकलेली, तिचे सांधे धुळीने जखडलेले किंवा भुजेची स्प्रिंग ढिली असते. काचेवर धुकट, तेलकट पडदा पसरत असेल, तर दोष बहुधा पात्यात नसून काचेवर असतो. डीझेलचा धूर, मेणयुक्त पॉलिश यांचा थर काचेवर बसतो व समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश त्यावर विखुरतो. पाते थरथरत किंवा उड्या मारत जात असेल, तर रबर कडक झालेले, भुजा पिळवटलेली अथवा काच तेलकट असते. भुजेचा कोन सुधारण्याचे काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे.

काही चालक काचेवर रॉकेल वा डीझेलचे फडके फिरवितात किंवा रबर मऊ राहावे म्हणून त्यास तेल लावतात. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते व त्याची धार बिघडते. शिवाय काचेवर तेलाचा थर राहतो. यामुळे तात्पुरता आवाज थांबला, तरी दोष वाढतो.

गतीतील दोष : वायपर मुळीच न हलल्यास प्रथम चलित्राचा आवाज येतो की नाही हे पाहावे. आवाज येत असून पाती हलत नसतील, तर दुव्यांचा सांधा निखळलेला असतो. एकच पाते हलत असेल, तर दुसऱ्या भुजेच्या बुंध्याशी असलेली नटाची पकड ढिली झालेली किंवा तेथील खाचा झिजलेल्या असतात. आवाजच नसेल, तर फ्यूज, कळ, रिले, भू-जोडणी व शेवटी चलित्र या क्रमाने तपासणी करावी. फ्यूज वारंवार जात असेल, तर त्याऐवजी अधिक क्षमतेचा फ्यूज वा तार बसविणे धोक्याचे आहे. बहुधा दुव्यांचे अक्ष धुळीने व गंजाने जखडलेले असतात अथवा पाती तापलेल्या काचेला चिकटलेली असतात आणि त्यामुळे चलित्रावर अतिरिक्त भार येतो. वायपर केवळ एकाच गतीत चालत असेल, तर चलित्रातील त्या गतीचा कार्बन ब्रश झिजलेला असण्याचा संभव असतो. खंडित गती मिळत नसल्यास रिलेकडे आणि पाती मध्येच थांबत असल्यास चलित्राच्या पेटीतील संपर्काकडे लक्ष द्यावे. दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी गाडीची चावी काढून बॅटरीची तार सोडवावी. दुवे अचानक फिरल्यास बोटे चिरडण्याचा धोका असतो.

वॉशरमधील दोष : वॉशरची तपासणी टाकीपासून तोटीपर्यंत क्रमाने केल्यास दोष थोड्या वेळात सापडतो. टाकीत द्रव असल्याची खात्री करून कळ दाबावी व पंपाचा आवाज ऐकावा. आवाज नसल्यास फ्यूज व पंपाच्या तारांची जोडणी पाहावी. जोडणीवर हिरवट गंज आढळल्यास ती स्वच्छ करावी. त्यानंतरही पंप चालत नसेल तर तो बदलावा लागतो. आवाज येत असून चिळकांडी येत नसेल, तर तोटीलगतची नळी सुटी करून कळ दाबावी. नळीतून द्रव जोराने आल्यास तोटी बुजली आहे. न आल्यास नळी मुडपलेली, फुटलेली वा उंदरांनी कुरतडलेली आहे, किंवा पंपाखालची जाळी गाळाने भरली आहे. कळ दाबल्यावर बऱ्याच वेळाने द्रव येत असेल, तर एकदिश झडप निकामी होऊन नळीतील द्रव टाकीत परत जात असतो. टाकी आपोआप रिकामी होत असल्यास पंपाभोवतीचे रबरी कडे उन्हाने तडकले आहे काय ते पाहावे.

तोटीतील क्षार काढण्यासाठी ती सुटी करून व्हिनेगरमध्ये काही वेळ बुडवून ठेवतात. व्हिनेगरमधील सौम्य ॲसिटिक अम्लात कार्बोनेटाचा थर विरघळतो. नंतर तोटी स्वच्छ पाण्याने धुवावी व व्हिनेगर रंगकामावर राहू देऊ नये. छिद्रात बारीक टाचणी हलक्या हाताने घालता येते. जाड तार घातल्यास छिद्र मोठे होऊन चिळकांडीचा जोर जातो. गोलकाच्या तोटीची दिशाही टाचणीनेच बदलता येते. चिळकांडी काचेच्या मध्याच्या किंचित वर पडेल अशी ती ठेवावी. वेगात वाऱ्याने ती खाली दाबली जाते. टाकी वर्षातून एकदा पूर्ण रिकामी करून धुणे इष्ट असते. निरनिराळ्या बनावटीची मिश्रणे एकत्र केल्यास काही वेळा साका बनतो, म्हणून नवे मिश्रण घालण्यापूर्वीही टाकी धुवावी.

पावसाळ्यापूर्वीची तपासणी : मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागते. शेतकरी त्यापूर्वी औत, पाभर, बियाणे यांची सिद्धता करतो त्याप्रमाणे वाहनधारकानेही मे महिन्याच्या अखेरीस वायपर व वॉशर यांची तपासणी करणे श्रेयस्कर होय. या प्रदेशात पट्टी किती वापरली यापेक्षा ती किती उन्हाळे काचेवर राहिली हे महत्त्वाचे ठरते. म्हणून प्रत्येक उन्हाळ्याच्या शेवटी ती बदलणे हा साधा नियम पाळता येण्यासारखा आहे. उन्हाळ्यापूर्वी नवी पट्टी बसविल्यास ती पावसाळा येईपर्यंत पुन्हा कडक होते. पाते विकत घेताना मूळ पात्याची लांबी व भुजेच्या आकड्याचा प्रकार पाहावा. चालकाच्या व डावीकडील पात्यांची लांबी पुष्कळ वाहनांत वेगळी असते. सांगाडा चांगला असल्यास केवळ रबरी पट्टी बदलूनही भागते. पाते काढल्यावर उघडी भुजा निसटून काचेवर आपटल्यास काच तडकते; यासाठी भुजेखाली जाड फडके ठेवावे. वाहन दीर्घकाळ उन्हात उभे करावयाचे असल्यास, भुजेची रचना तशी असेल तर, पाती उचलून ठेवावीत अथवा काचेवर आच्छादन घालावे. तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी ओतू नये; काचेत आधीच लहान तडा असल्यास तो त्यामुळे वाढू शकतो.

दुसरी तपासणी पावसाळा संपल्यावर करावी. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटक यांतील साखर कारखान्यांकडे ट्रक व ट्रॅक्टर यांतून कुटुंबासह जातात. हे प्रवास लांबचे व अनेकदा रात्रीचे असतात. ज्या वाहनातून इतकी माणसे जातात त्याच्या काचेवरील ओरखडे, पहाटेचे दव व समोरच्या दिव्यांची तिरीप हे अपघाताचे कारण होऊ शकते. पाऊस नाही म्हणून वायपर तपासला नाही, हे समर्थन अशा वेळी पुरेसे नसते.

वाटेत बिघाड झाल्यास : भर पावसात वायपर थांबल्यास वेग कमी करून, दिवे चालू ठेवून वाहन रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी घ्यावे व सर जाईपर्यंत थांबावे. मराठवाड्यातील पावसाच्या जोरदार सरी पुष्कळदा फार वेळ टिकत नाहीत, त्यामुळे थांबणे हाच सर्वांत सोपा उपाय ठरतो. काचेवर तंबाखू चोळण्याचा उपाय काही चालक करतात. त्यामुळे पाणी थेंबांच्या रूपात न राहता काचेवर पातळ थराने पसरते व काही काळ बरे दिसते. तथापि वाहन जवळच्या आसऱ्यापर्यंत नेण्यापलीकडे त्यावर विसंबून राहू नये. कापडाने काच पुसत एका हाताने गाडी चालविणे तर सर्वथा वर्ज्य होय.

नव्या सुधारणा : अलीकडील काही मोटारींत पावसाची चाहूल घेऊन वायपर आपोआप सुरू करणारा संवेदक काचेच्या आतील बाजूस बसविलेला असतो. त्यातून निघालेले अवरक्त किरण काचेच्या बाह्य पृष्ठावर संपूर्ण परावर्तित होऊन परत येतात. पृष्ठावर पाणी असल्यास त्यांतील काही बाहेर निसटतात व परत येणाऱ्या किरणांच्या घटीवरून पावसाचे मान ठरते. काही वाहनांत वॉशरच्या तोट्या भुजेतच बसवून द्रव थेट पात्यापुढे सोडण्याची सोय केलेली असते. तीमुळे द्रव कमी लागतो व काच कोरडी घासली जात नाही. मात्र काचेवर चिकटलेला चिखल वा कीटकांचे अवशेष यांमुळेही संवेदक फसून पाती कोरड्या काचेवर फिरू लागतात. यास्तव धुळीच्या प्रदेशात कोरड्या हवामानात ही स्वयंचलित व्यवस्था बंद ठेवणे आणि काच आधी भिजवून मग पुसण्याचा नियम चालकाने स्वतः पाळणे योग्य ठरते.